कोलेकोपलीकडची तेनीन

भाताचं भांडं समोर आलं की फामोरो त्राओरेच्या घशातून एक आवाज निघतो. खोल, तुटक, लागोपाठ: अंह्, अंह्, अंह्. तोंड बंदच असतं. शेंगदाण्याचं कालवण असलं तर आवाज थोडा चढतो. त्यात धुरावलेली मासळी असली तर भांडं ठेवायला आलेल्या मुली भिंतीआड पळतात आणि पोट धरून हसतात. फामोरोला मात्र काहीच ऐकू येत नाही. आपण घोरतो हे घोरणाऱ्याला दुसऱ्यांकडूनच कळतं, त्यातलाच प्रकार.

"झाली सुरू सवतीची भाषा," सारान म्हणते.

सारान ही त्याची बायको. सान्सांदो गावात बऱ्याच घरांत खरीखुरी सवत नांदते, सारानच्या घरात नाही. तरी विहिरीवर बायका सवतींची गाऱ्हाणी सांगू लागल्या की तीही मागे राहत नाही. "तुमच्या सवती निदान पाणी तरी भरतात. माझी बघा. अंगभर केस, धान कांडायला नको, झाडायला नको, आणि नवरा मात्र सगळा तिचा."

आवडीचं खाणं दिसलं की चिंपांझी हा आवाज करतो. तो काही नुसता आनंद नसतो, ते बोलावणंही असतं. इथं आहे, चांगलं आहे, या. अनाथ पिल्लांना हे कोणी शिकवलेलं नसतं, म्हणून त्यांना सांभाळणाऱ्या केंद्रातली माणसं पपईची फोड हातात धरून आधी स्वतः तो आवाज करतात आणि मग फोड पुढे करतात. फामोरोनं हे अठरा वर्षं केलं. दिवसातून सहा वेळा, प्रत्येक पिल्लासाठी वेगळं. अठरा वर्षांत माणसाच्या घशाला वळण लागतं.

केंद्र जोलिबा नदीच्या काठी, गावापासून पायी दीड तासावर. शिकाऱ्यांनी आई मारून बाजारात आणलेली पिल्लं वनखात्याचे लोक तिथं आणून सोडतात. फामोरो तिथं आधी कुंपणाचे खांब पुरायला गेला होता. खांब पुरून झाले, बाकीचे मजूर परतले, आणि हा राहिला, कारण त्या आठवड्यात पिल्लं सहा होती आणि मांड्या पाचच.

तेनीन आली ती कोंबड्यांच्या खुराड्यातून, मोटरसायकलच्या मागे बांधून. वय असेल आठ महिने. त्या मुलखात सोमवारी जन्मलेल्या मुलीचं नाव तेनीन ठेवतात. ही सोमवारी जन्मली नव्हती, पण सोमवारी आली होती, आणि दुसरी कुठली तारीख तिच्यापाशी नव्हती. खांद्यात तीन छर्रे होते. डॉक्टरांनी दोन काढले, तिसरा हाडाला चिकटून बसला होता, तो राहू दिला.

पहिले चार महिने तिला खाली ठेवायचं नाही, असा नियम होता. चिंपांझीचं पिल्लू आईच्या पोटाला धरून वाढतं. खाली ठेवलं की ते खाणं सोडतं आणि मरतं. म्हणून फामोरो जेवला तेव्हा ती पोटाला होती, झोपला तेव्हा पोटाला होती, नमाजाला वाकला तेव्हाही. सदरा बदलला तर ती वासासाठी कासावीस व्हायची, म्हणून चार महिने तोच सदरा. सारान त्याला घरात घेईना. "आधी धू स्वतःला," ती दारातून म्हणायची, आणि जेवण उंबऱ्यावर ठेवायची.

सगळ्यात जास्त थट्टा केली ती दुसू कोंदेनं. दुसू केंद्रातच काम करायची, वयानं त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्राओरे आणि कोंदे ही थट्टेच्या नात्यातली कुळं. पणजोबाच्या पणजोबांपासून एकमेकांची टर उडवणं हे त्यांचं कर्तव्य, आणि त्यावर रागावणं हा अपराध. 'चवळीखाऊ' ही त्यातली ठरलेली शिवी.

"काय रे त्राओरे," दुसू पहिल्याच दिवशी म्हणाली, "तुमच्याकडच्या बायका संपल्या वाटतं? पुरुषांनाच बाळंतपण करायला लागलंय."

"कोंदेंकडून आणणार होतो," फामोरो म्हणाला. "पण त्यांनी घरातली सगळी चवळी खाल्ली आणि वरून बायकांनाही चवळी समजून शिजवलं."

"बाळ पाठीला बांध की. पोटाला कोण बांधतं?"

"हिला सांग."

पुढची पाच वर्षं रोज सकाळी फामोरो पिल्लांना घेऊन जंगलात जायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. कुठल्या वारुळात काडी घालायची, कुठलं पान चघळून थुंकायचं, हे त्यांना दाखवायचं. त्यातलं बरंचसं त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. वाळवी खाऊन त्याला दोनदा उलट्या झाल्या. चिंपांझी रोज संध्याकाळी फांद्या दुमडून झाडावर घरटं करतो, तेही शिकवायचं होतं. चाळिशी गाठलेला फामोरो झाडावर चढायचा आणि फांद्या मोडायचा. त्याच्या घरट्यात कोंबडीही बसली नसती. तेनीन मात्र त्यात बसायची, त्याच्याकडे पाहायची आणि एकेक फांदी काढून नीट लावायची. सहा महिन्यांत ती त्याच्यापेक्षा चांगलं घरटं बांधू लागली. ते कळल्यावर तो झाडावर चढायचा थांबला.

तो सर्दीनं आजारी पडला की आठवडाभर केंद्रात जायचं नाही. माणसाची सर्दी त्यांना मारू शकते. घरात नाक पुसत बसलेला फामोरो दिवसातून दहा वेळा नदीकडे पाहायचा. सारान म्हणायची, "जा, तिला चिठ्ठी लिही."

सहा वर्षांचा चिंपांझी माणसापेक्षा ताकदवान असतो. लाडानं धरलेला हात तो लाडानंच मोडू शकतो. तेनीन सहाची झाली आणि विजेच्या तारेपलीकडे मोठ्या कळपात गेली. त्यानंतर फामोरोनं तिला हात लावला नाही. रोज सकाळी ती तारेपासून हातभर अंतरावर पाठ करून बसायची आणि तो लांब काठीनं तिची पाठ खाजवायचा. काठीला नियमाची हरकत नव्हती. अशी सात वर्षं गेली. ती तेराची झाली तेव्हा डॉक्टर तुंकारांनी जंगलात सोडायच्या सात जणांची नावं सांगितली. तेनीनचं चौथं होतं.

डॉक्टर तुंकारा कांकान शहरातल्या. कमी बोलणाऱ्या, आणि बोलल्या तर दुसऱ्यांदा न सांगणाऱ्या. त्यांनी सोडण्याची जागा निवडली होती ती कोलेको नदीच्या पलीकडच्या तीरावर, केंद्रापासून मोटरसायकलनं अर्धा दिवस. तिकडे माणसांची वस्ती नाही, आणि डोंगरामागे जंगली चिंपांझींचा एक कळप आहे. चिंपांझींना पोहता येत नाही, त्यामुळे नदी हेच कुंपण. अलीकडच्या काठावर दोन झोपड्यांची छावणी. सातही जणांच्या गळ्यात पट्टे, पट्ट्यांत छोटं यंत्र. छावणीतल्या माणसांनी अँटेना फिरवायची, कोण कुठे आहे ते ऐकायचं आणि वहीत लिहायचं.

छावणीसाठी माणसं निवडताना फामोरोनं स्वतःचं नाव आधी सांगितलं.

"तुम्ही नको असं मला वाटतंय, फामोरोदादा," डॉक्टर म्हणाल्या.

"आवाज मला ओळखू येतात. बाकी कोणाला सातही ओळखू येत नाहीत."

ते खरं होतं. डॉक्टरांनी त्याला आणि दुसूला पाठवलं, आणि तीन गोष्टी सांगितल्या. दिसायचं नाही. साद घालायची नाही. द्यायचं नाही.

छावणीतल्या दिवसांचं सांगण्यासारखं फारसं काही नाही. पहाटे पलीकडून सादा येतात. एक सुरू करतो, हूं... हूं... हूं, दुसरा उचलतो, आवाज चढत जातो आणि शेवटी सगळी दरी किंचाळते. मग सगळे थांबतात आणि कोणाचं उत्तर येतं का ते ऐकतात. तेनीनचा आवाज चौथ्या हुंकाराला फाटायचा, ते फामोरोला तिच्या लहानपणापासून माहीत होतं. केंद्रात तो रोज सकाळी उत्तर द्यायचा. आता तो चुलीपाशी बसायचा, डोक्याच्या पागोट्याची पट्टी सोडून पुन्हा गुंडाळायचा, आणि ती थांबली की वहीत वेळ लिहायचा. ती थांबायची ती जरा जास्तच. बाकीचे सहा थांबून पुढे खायला लागायचे. तिचा मात्र थोड्या वेळानं पुन्हा एकदा सूर यायचा, एकटीचा.

"लिहिलंस?" दुसू विचारायची.

"लिहिलं."

"दुसऱ्यांदाचं?"

"दुसऱ्यांदाचं कशाला? ते तेच आहे."

पाऊस संपला आणि कोलेको उतरली. छावणीच्या वरच्या अंगाला खडकांची एक रांग आहे, ती उघडी पडली, आणि एका सकाळी फामोरो नमाजाआधी पाय धूत असताना तेनीन खडकांवरून आली आणि त्याच्या शेजारी बसली. तो हलला नाही. तिनं त्याची प्लॅस्टिकची झारी उचलली, त्याच्यासारखीच तिरपी केली आणि आपल्या पायांवर पाणी ओतलं, आधी उजव्या, मग डाव्या. फामोरो उठून झोपडीत गेला आणि दार लावलं. दार लावायचं हा नियम होता. ती दुपारपर्यंत झारीशी खेळली आणि गेली.

दुसऱ्यांदा आली ती वाळवंटाकडून धुळीचा वारा सुटतो त्या दिवसांत. या वेळी फामोरो आतच होता. ती दाराशी पाठ टेकून बसली. कुडाच्या फटीतून केसांचा एक पट्टा दिसत होता, हातभर अंतरावर. काठी कोपऱ्यात उभी होती. फामोरोनं काठीकडे पाहिलं नाही, असं तो नंतर दुसूला म्हणाला. म्हणजे पाहिलं. सूर्य मावळेपर्यंत दोघं तसेच बसून होते.

डॉक्टर पुढच्याच आठवड्यात आल्या. वही वाचली.

"अजून एकदा आली तर तिला परत नेणार," त्या म्हणाल्या. "आणि मग कायमची. परत आलेल्याला पुन्हा सोडता येत नाही."

"ती कोणाला काही करत नाही, डॉक्टरबाई."

"तुम्हाला करत नाही. ती माणसांकडे येते, फामोरोदादा. आज तुमच्याकडे, उद्या खालच्या गावात. बंदूकवाल्याला ही तेनीन आहे हे कोण सांगणार? किंवा एखाद्या बाईच्या पाठीवरचं पोर तिनं खेळायला ओढलं, तर त्या बाईला मी काय सांगू? ही आमची सोमवारची आहे म्हणून?"

केंद्रात परत आलेला एक नर होता. त्याला कळपानं पुन्हा घेतलं नाही. लोखंडी पिंजऱ्यात तो एकटा होता, नऊ वर्षांपासून. स्वतःच्या हाताचे केस उपटत बसायचा. फामोरो त्याला रोज कसावा द्यायचा.

मार्चमध्ये डोंगरामागचे जंगली नर नदीकडे उतरले. तेनीन माजावर होती. माजावरच्या मादीला जंगली नर मारत नाहीत, सोबत घेतात. तीन दिवस तिच्या पट्ट्याचा आवाज त्यांच्या सादांबरोबर फिरत होता. चौथ्या दिवशी पहाटे नरांची साद आली आणि तिच्यात तेनीनचा फाटका सूर होता, मधोमध, बाकीच्यांच्या बरोबरीनं. तो थांबला, आणि दुसऱ्यांदा आला नाही.

दुसूनं वहीतून मान वर केली. "त्राओरे, मुलगी दिली की रे तू."

"अजून कोलानट आले नाहीत," फामोरो म्हणाला. लग्न ठरलं की वराकडून कोलानट येतात. तो हसत होता, पण मग तो उठून झोपडीमागे गेला आणि बराच वेळ आला नाही.

त्यानंतरचे अकरा दिवस तेनीन नरांसोबत होती. बाराव्या दिवशी सकाळी पट्ट्याचा आवाज डोंगरामागून, अगदी क्षीण येत होता. कड्यावर आपटून आवाज फसवतो हे छावणीत सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी तो ऐकावासा वाटला तसाच त्यांनी ऐकला. दुपारी दोघं खडकांच्या रांगेशी पाणी किती उरलंय ते पाहायला गेले. दुसूला वाटेत वेलीवरची चार साबा फळं मिळाली होती, पिकून नारिंगी झालेली. उन्हात सगळं तापलेलं. सावलीला बसून तिनं एक फळ दगडावर फोडलं आणि आंबटगोड गर फामोरोच्या हातावर ठेवला.

फामोरोनं गर तोंडाजवळ नेला.

दुसू चघळायची थांबली. "दादा. आत्ता काय केलंस?"

"काय केलं?"

"आवाज केलास."

त्याला ऐकू आलं नव्हतं. नेहमीसारखंच. पण दुसूचा चेहरा पाहून त्याला कळलं, आणि त्याच क्षणी पलीकडच्या काठावरच्या उंबराच्या झाडात पानं हलली.

तेनीन डोंगरामागे नव्हती. ती साठ पावलांवर होती. ती उंबरावरून घाईघाईनं उतरली, खडकांवर आली आणि चालत पलीकडून अलीकडे येऊ लागली. मागच्या दाट झाडीतून एका नरानं साद घातली. ती खडकावर थांबली, मागे पाहिलं, आणि पुन्हा पुढे निघाली. तिला जेवायला बोलावलं होतं.

ती त्यांच्यापासून आठ-दहा हातांवर येऊन बसली आणि तळवा वर करून हात पुढे केला. ती बारीक झाली होती. केस पूर्वीपेक्षा तकतकीत होते. डाव्या कानाचा तुकडा गेला होता आणि तिथली जखम भरून आली होती. फामोरो त्या कानाकडे पाहत राहिला. तिच्या अंगावर आता एक अशी खूण होती की जिची हकिकत त्याला माहीत नव्हती.

"मी वहीत लिहिणार नाही," दुसू हळूच म्हणाली. "कोंदे चवळी खातात, चुगली करत नाहीत. गर दे तिला, आणि आपण जाऊ."

"मग ती परत येईल."

"येईल तर येईल. तेव्हाही नाही लिहिणार."

"मग खालच्या गावात जाईल."

दुसूनं उरलेली फळं पाठीमागे सरकवली.

फामोरो उभा राहिला. अंग फुगवलं, हात पसरले आणि साप दिसल्यावर चिंपांझी जो आवाज करतात तो केला, मोठ्यानं, भुंकल्यासारखा: व्वाऽ! तेनीन तीन वर्षांची असताना, रबरी नळीचा तुकडा गवतातून ओढून, त्यानंच तिला तो शिकवला होता.

तेनीननं तो आवाज ओळखला. ती दचकून उभी राहिली, अंगावरचे केस ताठ झाले, आणि तिनं मागे वळून पाहिलं. साप कुठे आहे ते शोधलं. तो तिच्या मागे असणार असं तिनं धरलं, आणि लहानपणापासून जे केलं तेच केलं. धावत फामोरोकडे आली.

तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली. सात-आठ वर्षांनी. डोकं त्याच्या पोटाशी, तोंड मात्र मागे वळलेलं, सापाकडे.

दुसूनं नंतर सांगितलं की तो पाच श्वास तरी तसाच उभा होता. फामोरोला विचारलं तर तो म्हणतो, लगेच सोडवलं. त्यानं तिचे हात सोडवले, तिला दोन्ही हातांनी ढकललं आणि वाकून दगड उचलला. पहिला तिच्या पायापाशी मारला. ती समजली नाही. दुसरा खांद्यावर बसला, छर्रा राहिलेल्या त्याच खांद्यावर. तेनीन किंचाळली, ओठ मागे ओढून सगळे दात दाखवले, जे चिंपांझी रागानं नाही, भीतीनं करतात, आणि पुन्हा हात पुढे केला. तिसरा दगड त्यानं पूर्ण ताकदीनं मारला.

ती खडकांवरून परत गेली. फामोरो काठावर उभा राहून दगड मारत राहिला, ती झाडीत दिसेनाशी होईपर्यंत. दुसूनंही दोन मारले. दोन्ही चुकले. दुसूचा नेम एरवी चांगला आहे.

संध्याकाळपर्यंत ते तिथेच बसून होते. पलीकडे उंबरात काही हललं नाही. ऊन उतरताना डोंगराच्या बाजूनं नरांची साद आली. त्यांनी कान देऊन ऐकलं. तेनीनचा सूर त्यात होता की नाही यावर दोघांचं एकमत झालं नाही. पट्ट्याचा आवाज मात्र त्या दिशेनं जात होता, एवढं अँटेनावर नक्की कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फामोरो मोटरसायकल घेऊन केंद्रात गेला. डॉक्टर एका नराच्या दाताचं काम करत होत्या. त्यांनी हात धुतले आणि ऐकून घेतलं.

"म्हणजे तिसरी वेळ झाली," त्या म्हणाल्या.

"नाही झाली. ही तिची नाही, माझी. दोनदा ती आपण होऊन आली, ते तिचं. या वेळी मी बोलावलं. आपल्यात पाहुण्याला 'या, जेवायला बसा' म्हणायचं आणि तो बसला की त्याच्या नावावर खूण करायची, अशी रीत आहे का?"

"मी रीतीवर चालत नाही, फामोरोदादा."

"मग असं बघा. ती नरांसोबत होती. तिथून तिला मी काढलं. मी तिथं नसतो तर ती आली नसती."

डॉक्टरांनी वही मागवली नाही. मोटरसायकलकडे पाहिलं. मागे त्याची चटई, झारी आणि कपड्यांचं गाठोडं बांधलेलं होतं.

"दुसूनं रात्री रेडिओवर मला सगळं ठीक म्हणून सांगितलं," त्या म्हणाल्या.

"तिला काही बोलू नका. कोंदेंना बुद्धी कमी असते."

"तुम्ही सांगितलं नसतं, तर तिथंच राहिला असतात."

"हो."

डॉक्टरांनी गाठोड्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "दोनच मोजते. पण तुम्हाला परत पाठवू शकत नाही. तुमच्या घशाचा मला भरवसा नाही."

"मलाही नाही."

"पिल्लांकडे जाल? परवा एक आलंय. सारखं रडतंय."

"स्वयंपाकघर द्या," फामोरो म्हणाला.

तेव्हापासून तो स्वयंपाकघरात आहे. रोज सकाळी चाळीस जणांसाठी पपई, कसावा, केळी चिरायची, टोपल्या भरायच्या, कोणाला काय सोसत नाही ते पाहायचं. त्याचे तुकडे सगळे एका मापाचे असतात. पहाटे कुंपणाच्या आतून सादा येतात, त्यात तेनीनचा नसतो, आणि हात तेवढ्यापुरता थांबतो. नवं पिल्लू एका तरुण बाईनं पोटाला बांधलं. ती कधी कधी येऊन विचारते, दूध किती कोमट हवं, पिल्लू हात का चावतं. फामोरो सांगतो, पण पिल्लाकडे पाहून बोलत नाही.

तेनीन छावणीकडे पुन्हा आली नाही. मेमध्ये नाही, जूनमध्ये नाही. मग पाऊस लागला, खडक बुडाले आणि यायचा प्रश्नच राहिला नाही. ऑगस्टमध्ये रेडिओवर कळलं की तिच्या पट्ट्यातलं यंत्र बंद पडलं. तीन दिवस अँटेना फिरवली. त्या जातीच्या यंत्रातली वीज तेवढीच टिकते, असं डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सांगितलं. शेवटचा आवाज आला होता तो डोंगराच्या उत्तरेकडून. त्यापलीकडे कोणी जात नाही.

सप्टेंबरच्या शेवटी दुसू रजेवर गावी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फामोरोच्या अंगणात आली. सारान तांदूळ निवडत होती. फामोरोनं दुसूला बसायला स्टूल दिलं आणि रीतीप्रमाणे खुशाली विचारायला सुरुवात केली. या रीतीत उत्तर एकच असतं, घरात माणूस मेलेलं असलं तरी. वाईट बातमी असेल तर ती नंतर, सगळं विचारून झालं की सांगायची.

"वाटेत त्रास नाही ना?"

"नाही, सगळं खुशाल."

"घरचे खुशाल?"

"खुशाल."

"आई?"

"खुशाल."

"धाकटा भाऊ? त्याची बायको?"

"खुशाल, खुशाल."

"शेळ्या?"

"त्याही खुशाल," दुसू म्हणाली. "त्राओरे, शेळ्यांची चौकशी कधीपासून?"

फामोरो हसला नाही. "छावणीतले?"

"खुशाल."

सारानचा हात सुपावर थांबला.

"नदीपलीकडचे?" फामोरोनं विचारलं.

"खुशाल," दुसू म्हणाली.

"आणि डोंगरामागचे?"

दुसूनं त्याच्याकडे पाहिलं. "डोंगरामागचेही खुशाल."

वाईट बातमी असेल तर ती सांगायची वेळ आता होती. फामोरो वाट पाहत बसला. दुसू सारानकडे वळली आणि या वर्षी भात कसा आलाय ते विचारू लागली.